वळवळणे एवढाच अर्थ नाही

राइद हा इंग्रजी शब्द मी जमिनीवर लोळून शिकले. शाळेच्या पटांगणात, उन्हात, पाठीला खडे टोचत असताना. तो शिकायची किंमत माझ्या आईनं दिली. म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या महिन्यात बारामतीत पत्रक छापायला गेले होते. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांसाठी आम्ही लढतो, त्याचं पत्रक. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आहे. प्रूफ निघायला वेळ होता, जिन्यात टेकले, तर समोरच्या भिंतीवर तक्ता. डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी अर्थ. विगल म्हणजे वळवळणे. रिगल म्हणजे वळवळणे. स्क्वर्म म्हणजे वळवळणे. राइद म्हणजे वळवळणे.

चार शब्द आणि अर्थ एक! अरे, काही लाज? ज्या भाषेत चुळबूळ आहे, तळमळ आहे, तडफड आहे, वळवळ आहे, मुरडा आहे, पीळ आहे, त्या भाषेला तुम्ही एका शब्दावर बसवता? पर्समधून पेन काढलं आणि राइदपुढचं वळवळणे खोडून तिथं "तळमळणे, तडफडणे" लिहिलं.

"ओ ताई, तक्त्यावर काय लिहिताय?" क्लासची मुलगी वरून ओरडली.

"चुकलेलं दुरुस्त करतेय."

"राहू द्या हो. परीक्षेला तेवढंच येतं."

परीक्षेला तेवढंच येतं. हे वाक्य मी इतक्या हापिसांत इतक्या तोंडांनी ऐकलंय की आता ते ऐकलं की मला भांडण सुचतं. पण त्या दिवशी भांडले नाही. पेन हातात धरून तशीच उभी राहिले, कारण नाकात एकदम खिचडीचा वास आला. पत्र्याखाली, चुलीवर शिजणाऱ्या खिचडीचा. तळाला जरा लागलेली, वरून जिऱ्याची फोडणी.

आमची शाळा अंथुर्ण्याच्या अलीकडं, पाटाच्या कडेच्या वस्तीवर. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. चारी वर्गांची मिळून बावीस पोरं. शाळेला दोन शिक्षक. एक गुरुजी, ते मुख्याध्यापकही होते, आणि एक मॅडम. पत्र्याच्या खोलीत माझी आई खिचडी शिजवायची. शाळेत मी तिला आई म्हणायचं नाही, असा तिचाच नियम होता. "हितं मी समद्यांची बाई हाय," म्हणायची. पण माझ्या ताटलीत तळाची खरपुडी जरा जास्त पडायची. नियम तिचा, मोडायचीही तीच.

तिन्ही बाजूंना ऊस. गळीत हंगामात रस्त्यावरून दिवसभर ऊसगाड्या जायच्या आणि आम्ही मधल्या सुट्टीत मागून कांडी ओढायचो. तोंडाला उसाच्या सालीच्या कडा लागून ओठ चिरायचे. त्यावर तिखट खिचडी लागली की आग आग व्हायची, तरी कुणी ताटलीत टाकायचं नाही. मी नंतर पुण्यात शिकले, मेसचं खाल्लं, आंदोलनातलं पुरीभाजीचं पाकीट खाल्लं. त्या खिचडीची चव कुठं सापडली नाही. हे मी मुलगी म्हणून लिहीत नाही. बावीस पोरांपैकी कुणालाही विचारा.

मॅडम वालचंदनगरच्या क्वार्टरमधून स्कूटीवर यायच्या. तरण्या होत्या, चिडक्या होत्या आणि इंग्रजी शिकवायचं म्हणजे पाठ करून घ्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. क्रियापद असेल तर ते अंगानं करून दाखवायचं. जंप म्हणजे उडी मारायची. बो म्हणजे वाकायचं. असं करत करत चौथीच्या वर्षी आम्ही या चार शब्दांशी आलो.

विगल माझ्यावरून शिकवला. माझा एक दात हलत होता, मी दिवसभर जिभेनं तो हलवत बसायचे. मॅडम म्हणाल्या, "तोंड उघड. सगळे बघा. बाकी मुलगी जागेवर आहे, फक्त दात हलतोय. धिस इज विगल." आठवडाभर पोरं मला विगल म्हणून हाका मारत होती.

रिगलसाठी आम्हाला पाटावर नेलं. आवर्तन संपून पाणी बंद झालं होतं, तळाच्या चिखलात गांडुळं निघाली होती. मॅडमनी एक उचललं, तळहातावर ठेवलं. ते निसटायला बघत होतं. "हे नुसतं हलत नाहीये. याला कुठंतरी जायचंय. अंगाला पीळ देत देत निसटणं, ते रिगल." मला लगेच माझा धाकटा भाऊ आठवला. आई अंघोळीला धरायची तेव्हा साबण लागलेला तो असाच निसटायचा. मी तसं सांगितलं. मॅडम खूश झाल्या, म्हणाल्या, हे उदाहरण माझ्यापेक्षा चांगलं आहे. ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

स्क्वर्म वर्गातच झाला. "खुर्चीवर बसलाय, उठता येत नाही, पळता येत नाही. केंद्रप्रमुख साहेब आलेत, त्यांनी प्रश्न विचारलाय आणि उत्तर येत नाही. आता बसल्या जागी काय होतं अंगाचं?" आम्ही सगळ्यांनी चुळबूळ करून दाखवली. दारातून गुरुजी म्हणाले, "ह्यो शब्द आमाला पाठ हाय मॅडम. मीटिंगला तेच करतो आमी." वर्ग हसला.

राइद राहिला होता. तो मॅडमनी एका दुपारी, खिचडी खाऊन झाल्यावर, पटांगणात घेतला. चारी वर्ग एकत्र. "गुऱ्हाळावर गेलाय ना? चरकातून ऊस बाहेर येतो तो कसा असतो? पिळवटलेला. माणसाच्या पोटात फार दुखलं की त्याचं सगळं अंग तसं होतं. स्वतःलाच पिळतं. ते राइद. बोलायचं नाही, रडायचं नाही. अंगानंच दाखवायचं. मी बघणार, आणि जो शेवटपर्यंत करील त्याला माझ्या स्कूटीवर पाटापर्यंत फेरी."

स्कूटीवर फेरी! अख्खं पटांगण आडवं झालं.

एवढ्यात मॅडमचा फोन वाजला. शाळेत रेंज यायची नाही, वाजायचा आणि तुटायचा. बोलायचं तर पाटाच्या भरावावर चढायला लागायचं. घरून फोन होता. "मी आल्याशिवाय कुणी थांबायचं नाही," म्हणाल्या आणि गेल्या. गुरुजी आत हजेरी भरत होते. आई मागं पातेलं घासत बसली होती. त्या दिवशी लहान भावंडांना घेऊन दोनतीन आयाही आल्या होत्या, पातेलं पार खरवडून निघालं होतं. वाढताना आई खुशीत म्हणाली होती, "आज तळाला बी काय न्हाय राहिलं, घासायचं कष्ट वाचलं."

आणि बरोब्बर तेव्हा रस्त्यावरून आमच्या शेजारचे तात्या आले. कारखान्यावर ऊस टाकून, रिकामी ट्रॉली घेऊन. त्यांनी कुंपणावरून पाहिलं, तर बावीस पोरं मातीत पिळवटतायत, तोंडातून शब्द नाही. आदल्याच दिवशी टीव्हीवर कुठल्याशा शाळेत विषबाधा झाल्याची बातमी त्यांनी बघितली होती. त्यांनी ट्रॅक्टर तसाच सुरू ठेवून उडी मारली.

"आरं पळा! पोरं तडफडायल्यात! खिचडीतनं इख गेलं!"

हे ऐकून आम्ही थांबायला हवं होतं. नाही थांबलो. का, ते तेव्हाच्या पोरांनाच कळेल. मॅडम म्हणाल्या होत्या, मी आल्याशिवाय थांबायचं नाही. तात्या मॅडम नव्हते.

वस्तीवरून माणसं धावली, उसातून बायका खुरपी टाकून आल्या. आई हातात राखेनं भरलेला काथ्या तसाच घेऊन आली. मी तिला बघितलं. डोळ्यांच्या फटीतून बघितलं. तिनं मला उचलून मांडीवर घेतलं, राखेचे हात माझ्या तोंडावरून फिरवले. मी तेव्हा थांबू शकत होते. मांडीवरच्या मांडीवर हसून "आई, खेळ हाय" म्हणू शकत होते. पण शेजारी तिसरीतली एक मुलगी सगळ्यांत जोरात पिळवटत होती आणि तिच्याआधी थांबले तर मी हरणार होते. म्हणून मी आणखी जोरात अंगाला पीळ दिला. आईच्या मांडीवर.

हे मी आजवर कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही.

मग तात्यांना उपाय सुचला. "मिठाचं पानी पाजा! वकू द्या, इख भाईर पडंल!" हापशावरून घागर आली. मीठ आईच्याच बरणीतलं. मुठीनं टाकलं. एकेका पोराला धरून, नाक दाबून, तांब्यानं पाजलं. आता भरल्या पोटी खारं पाणी गेल्यावर काय व्हायचं ते झालं. बावीसच्या बावीस पोरं ओकली. खेळ तिथंच संपला. पण आता कुणाला सांगणार? समोर ओकाऱ्यांचे बावीस पुरावे पडले होते. पोरांना स्वतःलाच वाटायला लागलं, खरंच विष होतं. तिसरीतली ती मुलगी भोकाड पसरून रडायला लागली.

मॅडम भरावावरून पळत आल्या. "अहो थांबा! मी ॲक्टिव्हिटी घेत होते! त्यांना काही झालेलं नाही!"

शाळा समितीचे अध्यक्ष, वस्तीतले सगळ्यांत वयस्कर, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. ते ओकाऱ्यांकडं बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, ॲक्टिव्हिटीत पोरं वकत न्हाईत."

पाचटावर बसवून आम्हाला ट्रॉलीतून गावातल्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी पोटं दाबून बघितली, साखरमिठाचं पाणी दिलं, म्हणाले, "आता बरी आहेत. कशामुळं झालं ते मी पोटावर हात ठेवून सांगू शकत नाही. खिचडीचा नमुना तपासा."

नमुना म्हणजे असं. रोज शिजवलेल्या खिचडीतला थोडा भाग झाकणाच्या डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत जपून ठेवायचा. काही झालं तर तपासायला. आईनं तो कधी चुकवला नाही. ताप असला तरी नाही. आम्ही परत आलो तेव्हा दुपार कलली होती आणि आईला मध्ये उभं करून सगळी वस्ती भोवती उभी होती.

"काय घातलं व्हतंस गं? तेल कुठलं?"

"पाल पडली आसंल. झाकण ठेवती का न्हाय कुनाला ठावं."

"आगं, सोताच्या पोरीला बी खाऊ घातलंस की!"

आई एवढंच म्हणत होती, "तांदूळ निवडून घेतला. डाळ धुऊन घेतली. पोरांना काय बी झालेलं न्हाय." कुणी ऐकत नव्हतं. आबा म्हणाले, "बास. नमुन्याचा डबा आन. सील करून तालुक्याला धाडू."

आई आत गेली. डबा घेऊन आली. आबांनी हात पुढं केला. आईनं डबा दिला नाही. झाकण काढलं, उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत, बोटांनी खिचडी खाल्ली. एक घास, दोन घास, डबा बोटानं निपटून. मग रिकामा डबा आबांच्या हातात ठेवला.

"घ्या. आता म्या मेले तर तुमचं खरं."

मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे पाहिले, पुष्कळ भाषणं ऐकली. असलं भाषण पुन्हा ऐकलं नाही. मग मागून तात्या हळूच म्हणाले, "पन आता तपासायचं काय, आबा?"

खरंच की. पुरावाच तिच्या पोटात गेला होता.

आई मेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तरातरा शाळेवर गेली. तर शाळेतून तालुक्याला कागद गेला होता की स्वयंपाकी बाईनं नमुना नष्ट केला, सबब चौकशी होईपर्यंत तिला स्वयंपाकाला ठेवू नये. तो कागद मी मोठी झाल्यावर मिळवला, माझ्याकडं आहे. नष्ट केला! खाल्ला म्हणायला सुद्धा तयार नाहीत. ती जिवंत आहे हाच तपासाचा निकाल होता, पण तो रकान्यात बसत नव्हता.

पुढचे आठ दिवस आई उसात खुरपायला गेली. शाळेत पत्र्याच्या खोलीला कुलूप. पोरं घरून भाकरी आणायची आणि हापशावर मला ऐकवायची, "तुझ्या आईनं आमाला इख घातलं." त्यांनाही माहीत होतं आपण खेळत होतो! पण ओकारी जास्त लक्षात राहिली होती, खेळ कमी. मी सांगायला गेले तर म्हणायची, "तू तर म्हननारच."

आणि मॅडम? मॅडम पहिल्या दिवशी खरं बोलल्या. मग गुरुजींनी त्यांना व्हरांड्याच्या टोकाला नेऊन काहीतरी समजावलं. तेव्हा मला अर्थ लागला नव्हता, आता सरळ दिसतो. खेळ होता म्हटलं, तर पोरांना सोडून फोनवर गेलेल्या बाईंची चूक. खिचडी म्हटलं, तर खिचडीवालीची चूक. कुणाची तरी चूक असायलाच हवी होती. त्यात खिचडीवालीची सगळ्यांत स्वस्त. त्यानंतर मॅडम इंग्रजीच्या तासाला फळ्याकडं तोंड करून लिहायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो.

नवव्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब आले. व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या. आबा, गुरुजी, मॅडम खुर्चीवर. आई खाली, खांबाला टेकून उभी. आम्ही पोरं समोर रांगेत.

साहेबांनी आईला विचारलं, "बाई, नमुना का खाल्लात? लपवायला?"

आईनं मान वर करून मॅडमकडं बघितलं.

मग मॅडमना विचारलं, "मुलांना त्रास सुरू झाला तेव्हा आपण कुठे होता?"

"मी... म्हणजे इथंच... वर्ग घेत..." मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. खुर्चीत इकडं झाल्या, तिकडं झाल्या. पाय आत घेतले, बाहेर काढले. उठता येईना, पळता येईना.

मी बघत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मॅडम स्क्वर्म करतायत."

गुरुजींना खोकला आला. साहेब म्हणाले, "काय म्हणालीस?"

"स्क्वर्म. बसल्या जागी. पळता येत नाही तेव्हा. मॅडमनीच शिकवलंय." मग थांबताच आलं नाही. "त्या दिवशी आमी राइद करत हुतो. खोटं. मॅडमनी सांगितलं हुतं म्हनून. मी करून दाखवू?"

परवानगीची वाट न बघता मी पटांगणात आडवी झाले. आधी बोटं हलवून विगल केला. मग पोटावर सरपटत, निसटत रिगल. मग पाठीवर पडून, दात आवळून राइद केला, त्या दिवशी केला होता तसाच. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. आबा म्हणाले, "आयला, हुबेहूब!"

मी उठून कपडे झटकले. "झालं. कुठं काय दुखतंय? काय न्हाय."

"आणि उलट्या?" साहेब म्हणाले. पुरावा पुन्हा तिथंच अडला होता.

त्या दिवसापासून वर्गातच पडून असलेली मिठाची बरणी मी आणली. हापशावर तांब्या भरला. मूठभर मीठ टाकलं आणि सगळ्यांसमोर घटाघट प्याले. त्या दिवशी खिचडी नव्हती पोटात, भाकरी होती. भाकरीही गेली, साहेबांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर.

तोंड पुसायला आईनं पदर पुढं केला. तात्या कुंपणाजवळ उभे होते, ते कानशिलं चोळत म्हणाले, "च्यायला, म्हंजी समदा घोळ माझ्या मिठानं झाला व्हय!"

तेव्हा मॅडम उठल्या. रडत होत्या, पण उभ्या राहून बोलल्या. "मी फोनवर होते. भरावावर. मुलांना मीच लोळायला सांगितलं होतं. यांच्या खिचडीत काही नव्हतं. मी हे पहिल्या दिवशी बोलले आणि मग गप्प बसले. माझं चुकलं."

सोमवारी पत्र्याच्या खोलीचं कुलूप निघालं. वस्तीनं आईची माफी मागितली का? नाही. आपल्याकडं माफी मागत नाहीत, ताटली पुढं करतात. आबा स्वतः रांगेत उभे राहिले, म्हणाले, "वाढ गं जरा. खरपुडी असंल तर बग." आईनं वाढली. बास, एवढ्यावर मिटलं.

मॅडमना लेखी समज मिळाली आणि वर्ष संपताना त्यांची बदली झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला स्कूटीवर मागं बसवलं. "तू जिंकली होतीस," एवढंच म्हणाल्या. पाटाला पाणी सुटलं होतं, दोन्ही बाजूंनी ऊस सळसळत होता. भरावापर्यंत गेलो आणि परत आलो. मोजून दोन मिनिटांची फेरी. पुढं मी त्यांच्यावर बराच काळ रागावून होते. आता इतकंच म्हणते, त्यांनी शिकवलेला एकही शब्द मी विसरले नाही आणि त्यांच्यासारखं उभं राहून "माझं चुकलं" म्हणणारा साहेब मला अजून कुठल्या हापिसात भेटला नाही.

तर, बारामतीहून प्रूफ घेऊन मी घरी आले. आई आता शिजवायला जात नाही, गुडघे धरलेत. अंगणात लसूण सोलत बसली होती. पत्रकाची सुरुवात मी तिच्यावरच केली होती, नाव न घालता. वाचून दाखवली. "तिने नमुन्याचा डबा उघडला आणि सर्वांसमोर ती खिचडी खाल्ली. हा एका कष्टकरी स्त्रीचा निषेध होता."

आई हसायला लागली. लसणाची सालं उडाली.

"काय झालं?"

"निषेध कसला गं! भूक लागली व्हती मला."

"म्हणजे?"

"आदी पोरं जेवनार, मग मास्तर, मग पातेलं घासायचं, आन मग उरलं तर आमी. त्या दिशी तळाला बी काय राहिलं न्हवतं. सकाळधरनं पोटात कन न्हाय, आन ही मानसं दोन तास उभं करून इचारत्यात, काय घातलंस, काय घातलंस. हातात डबा, डब्यात खिचडी. खाल्ली."

"राग आला नव्हता?"

"आला की. रिकाम्या पोटी राग लई येतो."

मी प्रूफ खाली ठेवलं. मग जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. "आई, मी तुझ्या मांडीवर... मी खोटं करत होते. थांबू शकत होते. थांबले नाही."

"ठावं हाय."

"कसं?"

"जित्राबं संबाळल्यात मी. पोटात दुखनारं वासरू कुनाकडं बगत न्हाय. तू घडीघडीला शेजारच्या पोरीकडं बगत व्हतीस, ती थांबली का म्हनून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत न्हवते का? पोरांना काय बी झालेलं न्हाय, पोरांना काय बी झालेलं न्हाय. घसा बसला. कुनी ऐकलं?"

खरंच, ती तेच म्हणत होती. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आत्ता वर मीच लिहिलं आहे, आणि तरी मला ते ऐकू आलं नव्हतं. मला वाटायचं ती स्वतःचा बचाव करतेय. ती माझ्याबद्दल बोलत होती. तिथं अंगणात, लसणाच्या सालांत बसून मी काय केलं, त्याला तक्त्यावरचा कुठला शब्द लागू पडतो ते मला सांगता येणार नाही. वळवळणे मात्र नक्की नाही.

आईनं सोललेला लसूण वाटीत भरला. "त्या कागदात काय मागत्यात तुमी?"

मी मागण्या वाचून दाखवल्या. ओळखपत्र, विमा, चौकशीआधी कामावरून काढू नये. ती ऐकत होती.

"आन जेवान?"

"कुणाचं?"

"सैपाकीनबाईचं. तिचं ताट आदी काडून ठिवा म्हनावं, मग पोरांना वाडा. नमुन्याचा डबा भरत्यात ना रोज? तसंच." वाटी उचलून ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. "न्हाईतर कुनीतरी नमुना खाऊन टाकनारच."

मी छापखान्यात फोन लावला. म्हटलं, मशीनवर चढवू नका अजून. पहिली मागणी बदलायची आहे.